घाटात गाडीचा दम जातो, मिस्त्री म्हणतो पंप वाढवू. वाढवू का?

चोपडेकर_गाडीवान
राम राम मंडळी. मी चोपड्याचा. दहा चाकी गाडी आहे, २०१२ ची, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. सहा सिलिंडर, ५.९ लिटर, टर्बो आणि इंटरकूलर. डिझेल पंप जुन्या पद्धतीचा, ओळीतला, सेन्सर वगैरे काही नाही. केळी भरून शिरपूरमार्गे इंदूरकडे जातो, येताना मिळेल तो माल आणतो.

दोन महिन्यांपासून बिजासन घाटात गाडी मरते. पळासनेर सोडल्यावर आधी चौथ्यात चढायची. आता तिसऱ्यातच गुदमरते आणि मंदिराच्या अलीकडच्या वळणावर दुसरा टाकावा लागतो. मागून सगळे हॉर्न मारतात. केळी पिकायला लागली की व्यापारी भावात कापतो, त्यामुळे उशीर परवडत नाही. ॲव्हरेज लोडला चारचं साडेतीनवर आलं.

हायवेवरच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पंप कमी पडतो. मागचा स्क्रू पाऊण आटा फिरवून डिझेल वाढवतो, पंधरा मिनिटांचं काम." मी थांबवलं. गाडीवर कर्ज आहे, इंजिन गेलं तर घर बसेल. करू का? ज्यांनी केलंय त्यांनी अनुभव सांगा.

लळिंग_नाका
बिनधास्त करा. माझ्या सहा चाकीचा अर्धा आटा वाढवलाय, दोन वर्षं झाली. लळिंगचा चढ वरच्या गिअरात काढते. धूर थोडा जास्त पडतो, बाकी काही त्रास नाही.

केळीबाग_रावेर
चोपडेकर भाऊ, पहिल्यांदा इंटरकूलर-रेडिएटर धुतला का? मागच्या उन्हाळ्यात आमच्या गाडीचं असंच झालं होतं. समोरची जाळी काढली तर मध्ये कापूस आणि धूळ यांची गोधडीच जमलेली. जिनिंगच्या आवारात गाडी चार-चार तास उभी राहायची, त्याचा परिणाम.

कॉमनरेल_पुणे
तुमच्याकडे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नाही म्हणजे रीमॅपचा, म्हणजे त्यातली सेटिंग बदलायचा, प्रश्नच नाही. आमच्याकडे बीएस-४ च्या गाड्या येतात, त्यात लॅपटॉप लावून इंजेक्शनचा वेळ आणि रेलचा दाब बदलतात. यांत्रिक पंपात तेच काम स्क्रू आणि स्प्रिंग करतात. तत्त्व एकच: जास्त डिझेल, जास्त ताकद. फक्त किती, ते मोजून करा.

हिशोबवही
मी पारोळ्याची. चार गाड्यांचं डिझेल मी लिहिते, म्हणून बोलते. लळिंग भाऊ, "बाकी काही त्रास नाही" म्हणताय तेव्हा ॲव्हरेज लिहून ठेवलंय का? आमच्या एका ड्रायव्हरने मला न सांगता पंप वाढवून घेतला होता. मला कळलं ते वहीवरून. त्याच रस्त्याला, त्याच मालाला फेरीमागे अठरा ते वीस लिटर जास्त. महिन्याला आठ फेऱ्या. तुम्हीच गुणाकार करा.

लळिंग_नाका
ताई, वही नाही माझ्याकडे, खरं बोलतो. टाकी फुल करून अंदाजावर चालतं. आता लिहून बघतो.

मास्तर_यंत्रशाळा
मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवतो. थोडं गणित मांडतो, कारण "वाढवा" म्हणजे नक्की काय वाढवा हे कोणी बोलत नाही.

५.९ लिटर सहा सिलिंडर म्हणजे बहुधा कमिन्सची बी सिरीज. फार सोशिक इंजिन. १५० हॉर्सपॉवर धरली तर पूर्ण लोडला तासाला अंदाजे २९ लिटर डिझेल लागतं. २५०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १२५० वेळा फवारा होतो. भागाकार केला तर एका फवाऱ्याला साधारण ६४ घन मिलीमीटर येतात. पावसाच्या एका मोठ्या थेंबाएवढं डिझेल! पाऊण आटा फिरवून त्यात किती भर पडली हे रस्त्यावर उभं राहून कोणालाच सांगता येणार नाही.

आता हवा. एक किलो डिझेल पूर्ण जळायला कागदावर साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात इंधन आणि हवा एकमेकांत मिसळायला वेळच मिळत नाही, म्हणून हवा वीस किलोच्या आसपास उतरली की काळा धूर दिसू लागतो. टर्बो ती हवा दाबून आत घालतो. टर्बोने एक बार दाब दिला तर इंजिनात जवळजवळ दुप्पट हवा जाते. तो दाब गळाला तर तेवढंच डिझेल अर्ध्या हवेत जळायचं, म्हणजे धूर आणि उष्णता दोन्ही वाढणार. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. १५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की ती दहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात इंजिनाला दहा टक्के उपाशी ठेवल्यासारखंच होतं ते.

म्हणून माझा प्रश्न: तुमच्या गाडीत डिझेल कमी आहे की हवा?

तापीकाठ
मास्तर, हे वर्गात शिकवलं असतं तर मी पास झालो असतो :)
चोपडेकर, धुराचं सांगा. रंग कोणता आणि कधी पडतो?

चोपडेकर_गाडीवान
मास्तर, आभार. दोनदा वाचलं.
इंटरकूलर धुतला, एअर फिल्टर नवा टाकला. फरक नाही. टर्बोची शिट्टी ऐकू येते. धुराचं म्हणाल तर घाटात पूर्ण रेस दाबली तरी मागे काहीच नाही, आरशात स्वच्छ दिसतं. मात्र जागेवरून लोडची गाडी उठवताना काळा भपका येतो, मग बंद होतो.

लळिंग_नाका
घाटात धूर नाही म्हणजे अजून डिझेलला जागा आहे ना? डिझेल कमीच पडतंय. वाढवा.

नवापूरकर
मी नाही म्हणेन. सांगतो का.

२०१६ ची गोष्ट. आमची गाडी कन्नडच्या घाटात, म्हणजे चाळीसगावकडून वर चढताना. पंप वाढवून घेऊन महिना झाला होता आणि ड्रायव्हर खूश होता. रात्री दोन वाजता क्लीनर खाली उतरला तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड लोहाराच्या भट्टीतल्या सळईसारखा लाल दिसत होता. त्याने ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, घाट संपू दे, मग थांबू. घाट संपायच्या आधी इंजिन ठकठक करायला लागलं. हेड उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन मी हातात घेऊन बघितला. वरच्या कडेला बोट मावेल एवढी खाच, वितळून खाली ओघळलेली, मेणबत्तीसारखी. लाइनरला ॲल्युमिनियम चिकटलेलं. वडिलांनी तो पिस्टन अजून ऑफिसच्या फळीवर ठेवलाय.

एक्झॉस्टची उष्णता दाखवणारं गेज लावल्याशिवाय पंप वाढवू नका, एवढंच.

मास्तर_यंत्रशाळा
नवापूरकर, फार महत्त्वाचं सांगितलंत. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी. एरवी पिस्टन टिकतो, कारण आग क्षणभर असते आणि खालून तेल त्याला थंड करतं. डिझेल वाढवलं की आग लांबते, थंड व्हायला सवड राहत नाही. टर्बोच्या अलीकडे मॅनिफोल्डमध्ये थर्मोकपल (उष्णता मोजणारा सेन्सर) बसवून गेज केबिनमध्ये आणता येतं. पंप वाढवणारे जाणकार लोक सातशे अंशांच्या वर सतत जाऊ देत नाहीत. लांब चढ हीच त्याची परीक्षा. सपाटीवर अर्धा मिनिट ओढून बघितलं तर काही कळत नाही.

कॉमनरेल_पुणे
आणि कायद्याचंही लक्षात ठेवा. पीयूसीला जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आणि बीएस-४ च्या गाड्यांना ५० ची मर्यादा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर धुराच्या कलमाखाली, म्हणजे १९०(२), दंड दहा हजारांपर्यंत जातो, लायसन्सही तीन महिने अडकू शकतं.

तापीकाठ
जरा विषयांतर. पळासनेरच्या अलीकडे शेवभाजी कुठे बरी मिळते? गाडी घाटात दमते, माणूसही दमतो.

केळीबाग_रावेर
ढाबा कुठलाही असो, शेव जाड आणि तिखट असली पाहिजे आणि रस्सा काळ्या मसाल्याचा. सोबत कळण्याची भाकरी मिळाली तर गाडी तिथेच उभी करा.

हिशोबवही
शेवभाजीसाठी वेगळा धागा काढा, मी येते तिथे. इथे त्या भावाचं कर्ज आहे.

पंपखोली
उशिरा वाचलं. मी धुळ्याचा, पंप आणि नोझल (डिझेल फवारणारं तोंड) तपासायच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली, आता मुलगा बघतो. आमच्यात याला अजून मायको पंपच म्हणतात, जरी मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी.

चोपडेकर, तुम्ही दोन ओळींत रोग सांगितलात, फक्त तो कोणी वाचला नाही. उठताना काळा भपका, घाटात धूर नाही आणि दमही नाही. लळिंग भाऊंनी यावरून डिझेल कमी पडतंय म्हटलं, ते बरोबर. पण ते का कमी पडतंय, हे आधी शोधायचं.

तुमच्या पंपाच्या मागे, गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) डोक्यावर एक गोल चपटा डबा असेल. इनटेक मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी तिथे येते. डब्यात रबराचा पडदा आहे, डायफ्राम. काम असं: टर्बोने दाब भरला नाही तोवर पंपाने डिझेल हात राखून द्यायचं, नाहीतर धूर. दाब आला की तो नळीतून डब्यात येतो, पडदा स्प्रिंगला खाली दाबतो, मग पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) पुढे सरकतो आणि पूर्ण डिझेल सुटतं. म्हणजे हवा आल्याशिवाय डिझेल नाही, अशी ती राखण आहे.

आता नळी तडकली किंवा पडदा फाटला तर? टर्बो शिट्टी मारतोय, मॅनिफोल्डमध्ये दाब आहे, पण पंपाला त्याची खबरच नाही. तो बिचारा समजतो दाब आलाच नाही आणि घाटातही हात राखूनच देतो. म्हणून धूर नाही, म्हणून दम नाही.

आणि उठतानाचा भपका? माझा अंदाज आहे की आधीच्या कोणीतरी हाच रोग न ओळखता बिनदाबाचं, म्हणजे टर्बोचा दाब यायच्या आधीचं, डिझेल वाढवून ठेवलंय. पंपाच्या स्क्रूंवर तार आणि शिशाचं सील आहे का बघा. नसेल तर मी बरोबर.

तपासणी घरी होते, पैसे लागत नाहीत.
आधी डिझेलचा फिल्टर आणि फीड पंपाची जाळी बघा, कारण डिझेलच पोचत नसेल तरी बिनधुराचा अशक्तपणा येतो. मग टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड सगळे होज साबणाच्या पाण्याने भिजवा, दुसऱ्याला रेस द्यायला लावा, क्लॅम्पपाशी बुडबुडे येतात का बघा. मग इंजिन बंद करून, गार झाल्यावर, ती बारीक नळी मॅनिफोल्डच्या बाजूने सोडवा, टोक पुसून घ्या, तोंडाने आतली हवा ओढून घ्या आणि टोकाला जीभ लावा. जीभ ओढून धरली तर नळी आणि पडदा दोन्ही चांगले. जीभ सुटली तर तिथेच रोग.

स्क्रूला तोवर हात लावू देऊ नका.

लळिंग_नाका
काका, हे मला माहीत नव्हतं. मी नळी कधी बघितलीच नाही. उद्या माझीही बघतो.

तापीकाठ
पंपखोली काका, आमच्या आज्याचं वाक्य आठवलं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की म्हणायचा, "पहिले हवा देख, मंग डिझेल."

मास्तर_यंत्रशाळा
काका, पुढच्या सत्रात मुलांना घेऊन तुमच्या टेबलावर येऊ का? पुस्तकात हा डबा अर्ध्या पानात संपतो.

पंपखोली
या की. पण पंधराच्या वर मुलं आणू नका, खोली लहान आहे. आणि पायताणं बाहेर. पंपाच्या प्लंजर आणि बॅरलमध्ये दोन ते चार मायक्रॉनची फट असते, केस त्याच्या कितीतरी पट जाड. धुळीचा एक कण पुरतो.

चोपडेकर_गाडीवान
काका, आज रविवार, गाडी घरी होती. सगळं केलं.

फिल्टरमध्ये थोडं पाणी निघालं, काढलं. होजला एक क्लॅम्प सैल होता, पण बुडबुडे किरकोळ. मग ती नळी सोडवली. तोंडात डिझेलची चव गेली नाही अजून. हवा ओढली, जीभ लावली. जीभ धरलीच नाही. मग फुंकून बघितलं तर पंपाच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू आली. मुलगा दहावीत आहे, तो कान लावून म्हणाला, "पप्पा, आतमध्ये साप आहे."

सील नाही. तार तुटलेली, एका स्क्रूच्या खोबणीत पान्याचे नवे ओरखडे. घेतली तेव्हापासून असेल, मी कधी बघितलं नाही.

उद्या पंप काढतो.

पंपखोली
डब्याचं झाकण रस्त्यात उघडू नका. पंप काढायच्या आधी टायमिंगची खूण करून घ्या आणि पहिला सिलिंडर टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला, लावा. फिटर म्हणेल "अंदाजाने बसवतो", तर त्याला चहा पाजा आणि अंदाज करू देऊ नका. बसवताना टायमिंग मागे राहिलं तर पांढरा धूर आणि गाडी गरम, पुढे गेलं तर ठोका.

जुन्या डायफ्रामसोबत नोझलही तपासायला द्या. उघडायचा दाब पुस्तकात असतो, त्यावर सहाही एकसारखे लावायचे. एक जरी गळत असेल तरी तोच पिस्टन खातो. नवापूरकरांच्या त्या तिसऱ्या सिलिंडरमागे गळका नोझल असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

नवापूरकर
काका, नोझल तेव्हा कोणी तपासलेच नव्हते. सगळ्यांनी पंपाला दोष दिला आणि विषय संपवला. आता वाटतं तपासायला हवे होते.

हिशोबवही
चोपडेकर भाऊ, टेबलावर लावतील तेव्हा रीडिंगचा कागद मागून घ्या. आधीचे आणि नंतरचे दोन्ही. बिलासोबत फाइलला लावा. गाडी विकताना त्या कागदाची किंमत येते.

चोपडेकर_गाडीवान
दहा दिवसांनी लिहितोय. फेऱ्या करून मगच सांगायचं ठरवलं होतं.

पंप आमच्याच भागातल्या एका कॅलिब्रेशनवाल्याकडे दिला आणि दिवसभर तिथेच बसलो. टेबलाला पंप बांधला, सहा काचेच्या नळ्या समोर ओळीत. तेल चाळीस अंशांवर येईपर्यंत नुसतं फिरवलं. मग एक हजार फवारे मोजून नळ्यांत घेतले. पाच नळ्यांत पातळी जवळजवळ सारखी, चौथ्या नळीत चार सी.सी. कमी. मला वाटलं काच वाकडी असेल, त्याने दोनदा घेऊन दाखवलं. त्या नळीचा एलिमेंट (प्लंजर-बॅरलची जोडी) बदलला.

डब्याचं झाकण काढलं तेव्हा पडद्याची घडी होते तिथे करंगळीच्या नखाएवढी चीर. हातात धरला तर साधाच दिसतो, उजेडासमोर ताणला की उघडतो. बिनदाबाचं डिझेल काकांनी म्हटलं तसंच वाढवलेलं होतं. ते मूळ आकड्यावर आणलं. नवा पडदा टाकून डब्याला हवेचा दाब दिला तेव्हा रॅक पुढे सरकताना मी स्वतः बघितला. इतके दिवस ज्याच्यासाठी रडलो ती हालचाल काही मिलीमीटरची आहे.

नोझल दोन गळत होते, बदलले. दोन्ही कागद घेतले, ताई. नवं सील लावलं.

आता घाट. परवा भरलेली केळी, तेवढाच माल. पळासनेरपासून चौथा टाकला आणि शेवटपर्यंत चौथाच होता, फक्त एका वळणावर पुढची गाडी थांबली म्हणून तिसरा. उठताना भपका गेला. चार फेऱ्यांचं ॲव्हरेज ४.१. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेऊन दोन-तीन मिनिटं तशीच चालू ठेवली, टर्बो गार व्हायला. खाली उतरून मंदिराकडे हात जोडले.

त्या मिस्त्रीने पाऊण आटा फिरवला असता तर घाट चढलोही असतो कदाचित. पण फाटका पडदा तसाच राहिला असता आणि उठताना सगळ्या गावाला धूर दिला असता.

लळिंग_नाका
अभिनंदन भाऊ. मीही सांगतो. जीभ लावून बघितलं, माझा पडदा चांगला आहे. पण ताईंच्या सांगण्यावरून वही सुरू केली, तीन फेऱ्यांचं ॲव्हरेज ३.८ आलं. आधी साडेचार मिळायचं म्हणून मी सगळ्यांना सांगायचो. पुढच्या महिन्यात पंप टेबलावर देतोय. काका, धुळ्याला कोणत्या वारी येऊ?

पंपखोली
शुक्रवार सोडून कधीही. सकाळी लवकर या आणि पंपाचं तोंड प्लास्टिकने बांधून आणा, पोत्याने नको. पोत्याचे धागे आत जातात.

केळीबाग_रावेर
काका, आमच्या गाडीच्या त्या बारीक नळीत थोडं तेल दिसतं. तेही यातच मोडतं का?

पंपखोली
थोडं ओलसर असेल तर टर्बोचं नेहमीचं. थेंब पडत असतील तर टर्बोचं सील बघा, आणि इंजिनाच्या तेलाची काडी रोज बघा. उद्या फोटो टाका, नळीचं टोक पांढऱ्या कापडावर धरून.